पंप लपवणारी घरं

आमच्या लोखंडी कपाटाचा सगळ्यात वरचा कप्पा म्हणजे घरच्या इभ्रतीचा कप्पा. निकाहनामा, घराचे कागद, सासूबाईंच्या सोन्याच्या दोन बांगड्या आणि माझी बीएडची मार्कशीट तिथे असते. 2025 च्या जुलैत त्याच कप्प्यात, मार्कशीटच्या पिशवीमागे, मी माझ्या सोळा महिन्यांच्या मुलीचा पंप ठेवून दिला. पंप म्हणजे इन्हेलर. सोबतचा स्पेसर, म्हणजे ती प्लास्टिकची नळकांडी, आणि नाकातोंडावर धरायचा छोटा मास्कसुद्धा. डॉक्टरांनी लिहून दिला होता, मेडिकलमधून विकत आणला होता. वापरला एकदाही नव्हता.

हा लेख त्या कप्प्याबद्दल आहे. पहिला आरोप माझ्यावर आहे, तो आधी मांडते. पण आरोपीच्या पिंजऱ्यात मी एकटी नाही. खडकी बाजारापासून बोपोडीपर्यंत माझ्या ओळखीच्या कितीतरी घरांत असा एक कप्पा आहे, हे मला त्यानंतरच्या महिन्यांत कळलं. बायका सांगतात, पण कुजबुजत. ‘मॅडम, हमारे में भी है, किसी को बोलना नक्को.’

जुलैत मुलीला सर्दी झाली आणि छातीतून सूं-सूं आवाज यायला लागला. डॉक्टरांनी क्लिनिकमध्ये वाफ दिली (आपण सगळे नेब्युलायझरला वाफच म्हणतो) आणि पंप लिहिला. पुन्हा असं झालं तर लगेच इतके पफ द्या आणि या, असं कागदावर लिहून दिलं. माझ्या नवऱ्याने विचारलं, ‘आदत तो नहीं लगेगी?’ डॉक्टर नाही म्हणाले. घरी आल्यावर नणंदेचा फोन आला. ती म्हणाली, ‘भाभी, लड़की जात है. पंप का नाम कहीं निकालना नक्को. कल को रिश्ते की बात आएगी.’ मुलीला अजून नीट चालता येत नव्हतं.

मी हसायला हवं होतं. मी उर्दू शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. पालकसभेत आयांना सांगते की मुलींना दहावीनंतर घरी बसवू नका, लग्नाची घाई करू नका. आणि मी फोन ठेवून पंप कपाटात टाकला.

आता नोव्हेंबरची ती रात्र. दोन दिवस सर्दी होती. खोकल्याचं औषध मी मेडिकलमधून आणलं होतं, चिठ्ठीशिवाय. मगरिबच्या वेळी लोबान फिरवला होता, कारण थंडीत घरातली हवा ‘साफ’ होते असं आमच्याकडे मानतात. मुळेच्या कडेला राहतो, डास असतात, म्हणून कॉईलही लावली होती. खिडक्या गच्च बंद. मुलगी सासूबाईंजवळ झोपते. दीड वाजता त्यांनी मला हलवलं. ‘दुल्हन, उठ. बच्ची की पसली चलरी.’

मी दिवा लावला. मुलगी जागी होती पण रडत नव्हती. मी कपाळाला हात लावला. ताप नव्हता. ‘सर्दी है अम्मी, नाक बंद है.’ आपल्याकडे मुलाच्या आजाराचं एकच माप आहे, कपाळावर ठेवलेला तळहात. कपाळ गार असलं की आपण निर्धास्त. सासूबाईंनी काही न बोलता तिचा फ्रॉक वर केला. प्रत्येक श्वासाला बरगड्यांच्या खालची कातडी आत ओढली जात होती आणि पोट भात्यासारखं वरखाली होत होतं. मी ते पाहिलं. डोळ्यांनी पाहिलं, आणि तरी मी बाम शोधायला गेले. मग कोमट पाणी. मग नवऱ्याला उठवायचं की नाही यावर विचार, त्याची सकाळची पाळी होती. मग आयत पढून फुंकर. मग नणंदेने सांगितलेलं ओव्याचं गाठोडं, तव्यावर गरम करून. या सगळ्यात चाळीस मिनिटं गेली. कपाट त्याच खोलीत होतं, पलंगापासून चार पावलांवर. पंपाची मला आठवण झाली नाही असं मी म्हणू शकते, पण ते खोटं होईल. आठवण झाली होती. मनात आलं, एवढ्यासाठी कशाला.

सव्वादोनला तिने पाण्याचा चमचा तोंडातून बाहेर सोडला आणि मान माझ्या खांद्यावर टाकली. तेव्हा घर जागं झालं. शेजारचे रिक्षावाले काका बनियनवरच खाली आले. 108 ला फोन करायचा असतो, रुग्णवाहिकेत ऑक्सिजन असतो, ती सेवा महाराष्ट्रात 2014 पासून आहे, हे सगळं मला माहीत होतं. सहावीच्या मुलांना मी ‘उपयुक्त दूरध्वनी क्रमांक’ पाठ करून घेते. त्या वेळी सुचलं नाही. पहिला दवाखाना बंद, दुसरीकडे लहान मुलांचे डॉक्टर रात्री नव्हते. तिसऱ्या ठिकाणी आत घेतलं.

तिथल्या नर्सने पहिली गोष्ट काय केली? अंगावरचे कपडे वर केले, मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि पूर्ण एक मिनिट मुलीच्या पोटाकडे बघत गप्प उभी राहिली. मला वाटलं ही वेळ घालवते आहे. मग म्हणाली, ‘बासष्ट.’ बोटाला चिमटा लावला, ऑक्सिजन 88. त्यानंतर सगळं भराभर झालं. ऑक्सिजन, नेब्युलायझर, थोड्या वेळाने पुन्हा नेब्युलायझर, स्टिरॉइडचा डोस. पहाटे फजरच्या सुमाराला ती ‘पानी’ म्हणाली. तिसऱ्या दिवशी घरी आलो.

डॉक्टरांनी पहिल्याच तासात विचारलं होतं, ‘याआधी असं झालं होतं? पंप दिला होता का?’ मी म्हटलं, दिला होता. ‘वापरला?’ मी गप्प. त्यांनी रागावून काही म्हटलं नाही, फक्त कागदावर लिहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

आता सवयीचा मुद्दा. ‘पंपाची सवय लागते’ हे वाक्य आपल्याकडे इतकं पक्कं आहे की ते कुणी, कुठे, कशावरून सांगितलं हे कुणी विचारत नाही. सवय लागणारी वस्तू ती, जी सोडली की शरीर ती मागतं. श्वासनळी आवळलेल्या मुलाचं शरीर हवा मागत असतं, पंप मागत नसतं. सर्दीच्या विषाणूमागून ज्या लहानग्यांना अशी धाप लागते, त्यातल्या बऱ्याच जणांची पाच-सहा वर्षांचे होईपर्यंत ती थांबते, आणि पंपही सुटतो. ज्यांचा पुढे खरा दमा निघतो त्यांचा दमा पंपामुळे झालेला नसतो, उलट पंपामुळे आटोक्यात राहतो.

आणि गंमत बघा. पंपाला नाही म्हणणारं घर त्याच औषधाच्या बाटलीला हो म्हणतं. साल्ब्युटामॉल हे श्वासनळी सैल करणारं औषध. पंपाच्या एका पफमध्ये ते 100 मायक्रोग्रॅम असतं. बाजारातल्या नेहमीच्या सिरपच्या पाच मिलिलिटरच्या चमच्यात 2 मिलिग्रॅम. हिशेब करा, सातवीचं गणित आहे. एक चमचा म्हणजे वीस पफ. ते सगळं पोटातून रक्तात, रक्तातून अंगभर जातं, हातपाय थरथरतात, काळीज धडधडतं, आणि जिथे हवं त्या नळीपर्यंत उशिरा पोचतं. पफ थेट तिथे जातो. तरी चमचा ‘साधा’ आणि पंप ‘स्ट्राँग’. का? चमचा सगळ्यांच्या घरात असतो. पंप हातात दिसला की आजाराला नाव मिळतं. आपण नावाला भितो.

स्टिरॉइडच्या पंपाबद्दल मात्र एक कबुली द्यायलाच हवी, नाहीतर मीही त्यांच्यासारखीच एका बाजूने बोलणारी ठरेन. रोज घ्यायच्या स्टिरॉइडच्या पंपाने काही मुलांची उंची किंचित, साधारण एक सेंटिमीटरच्या आसपास, कमी राहू शकते असं अभ्यासांत दिसलं आहे. हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा, सगळ्यात कमी डोस कोणता पुरेल ते विचारा. पण तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही ठेवा. माझ्याकडे त्या पारड्यात 88 हा आकडा आहे.

खोकल्याच्या औषधाबद्दल तर मला माफीच नाही. सप्टेंबर-ऑक्टोबर 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडे वीसहून जास्त लहान मुलं ‘कोल्ड्रिफ’ नावाच्या सिरपनंतर मूत्रपिंडं निकामी होऊन गेली. बऱ्याच जणांना उपचारासाठी आपल्या नागपूरला आणलं होतं, तिथेच ती दगावली. तमिळनाडूत बनलेल्या त्या सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विष सापडलं. 1986 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात हेच विष ग्लिसरीनमधून रुग्णांच्या पोटात गेलं होतं, न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला होता. चाळीस वर्षांत आपण इथवर आलो. केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबरमध्ये लेखी सांगितलं की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखालच्यांना सहसा ती नकोतच. ही बातमी मी स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचून दाखवली होती. महिनाभराने मीच मेडिकलच्या खिडकीवर उभी राहून ‘छोटे बच्चे का खांसी का देव’ म्हणाले. आणि खिडकीतून बाटली मिळाली, वय न विचारता.

धुराचंही सांगायला हवं. एका डासांच्या कॉईलमधून निघणारे बारीक कण 75 ते 137 सिगारेटींइतके असतात, असं 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजलं गेलं. पुण्यातलेच डॉ. संदीप साळवी कॉईलबद्दल आणि फटाक्यांबद्दल वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. फटाक्यांच्या त्यांच्या मोजणीत सगळ्यात जास्त बारीक धूर निघाला तो ‘निरुपद्रवी’ सापाच्या गोळीतून, जी आपण सगळ्यात लहान मुलाच्या हाती देतो. माझा नवरा सिगारेट ओढत नाही याचा मला अभिमान होता. आणि मी बंद खोलीत कॉईल, वर लोबान. लोबान फिरवायचाच असेल तर मूल घरात नसताना फिरवा, खिडक्या उघड्या ठेवून. ऊदाच्या वासाने घर पाक होत असेल, श्वासनळी होत नाही.

मी भाषेची शिक्षिका, म्हणून एका शब्दाकडे वळते. ‘दम’ हा फारसी शब्द, अर्थ श्वास. मराठीने तो इतका आपलासा केला की परका वाटत नाही. दम लागतो, दम धरा, दमादमाने घ्या, पोरं दमली. दमा त्यातलाच. आणि आमच्या घरांत आणखी एक वापर आहे, दम करणं, म्हणजे आयत पढून आजाऱ्यावर फुंकर घालणं. त्या रात्री माझ्या मुलीला दम लागला होता, दमा म्हणायला मी तयार नव्हते आणि दम करत बसले होते. तीनही अर्थ एकाच खोलीत. दम करू नका असं मी म्हणणार नाही. मीही करते, रिक्षात पूर्ण वेळ करत होते. पण उंट आधी बांध आणि मग अल्लाहवर भरवसा ठेव, ही शिकवण आपल्या प्रत्येक मदरशातल्या पोराला पाठ असते. आजार दिला तसा इलाजही दिला आहे, हेही. ती शिकवण आपण दुकानाच्या कुलपाला लावतो, मोटरसायकलला लावतो. मुलाच्या बरगड्यांपाशी आलो की विसरतो.

सायन्स डेला शाळेत पोस्टर लागतात. इब्न सिना असतात, अल-राझी असतात. राझींनी अकराशे वर्षांपूर्वी मुलांच्या आजारांवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली, हे आम्ही छाती फुगवून सांगतो. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी 1935 मध्ये मुंबईत सिप्ला काढली, हेही सांगतो. तीच सिप्ला आज देशात इन्हेलर बनवणाऱ्या सगळ्यात मोठ्या कंपन्यांपैकी एक आहे. म्हणजे ज्यांच्या नावाचं पोस्टर भिंतीवर, त्यांच्या कंपनीची वस्तू कपाटात, पिशवीमागे. पंपाचा जन्मही एका घरातलाच आहे. 1955 च्या सुमाराला अमेरिकेत दमा असलेल्या एका मुलीने आपल्या वडिलांना विचारलं, माझं औषध केसांच्या स्प्रेसारखं डब्यात का मिळत नाही? वडील औषध कंपनीचे प्रमुख होते. वर्षभरात पंप बाजारात आला. त्या बापाने मुलीचं बोलणं मनावर घेतलं. आपल्याकडे त्या मुलीला सांगितलं असतं, हळू बोल, बाहेर पाहुणे आहेत.

‘आमच्या वेळी कुठे होते पंप? आम्ही वाढलोच ना?’ हे वाक्य मला हॉस्पिटलमधून आल्यावर तीन जणांनी ऐकवलं. तिसऱ्यांदा ते आमच्या घरात, बैठकीत म्हटलं गेलं. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘मेरे छोटे की बी ऐसीच चली थी.’ मला माझ्या नवऱ्याला एक धाकटा भाऊ होता हे माहीत होतं, लहानपणी गेला एवढंच. कसा गेला ते अठरा वर्षांच्या संसारात मी विचारलं नव्हतं. दीड वर्षाचा होता. पत्र्याच्या खोलीत, एका रात्रीत. कुणी म्हणालं नजर आहे, कुणी म्हणालं आईने थंड खाल्लं. सकाळपर्यंत वाट पाहिली. जे वाढले ते आज बैठकीत बसून ‘आम्ही वाढलोच ना’ म्हणतात. जे नाही वाढले त्यांना बोलता येत नाही.

सासूबाईंना लिहिता-वाचता येत नाही. त्यांनी पाहून ओळखलं. मी बीएड, मला समोर दाखवूनही दिसलं नाही. बीएडमध्ये मी पियाजे शिकले, मुलाची आकलनशक्ती कोणत्या वयात कशी वाढते त्याचे तक्ते काढले. मूल नीट श्वास घेतंय की नाही हे कसं बघायचं, याचा एक तासही नव्हता. वर्गात साठ मुलं असतात, त्यातल्या दोन-चार जणांच्या दप्तरात कधी ना कधी पंप असणारच. किती शिक्षकांना तो धरता येतो? शाळेच्या प्रथमोपचार पेटीत आमच्याकडे कापूस, आयोडीन आणि एक्सपायर झालेला बाम असतो.

आणि हे महाराष्ट्राला माहीत नव्हतं असं नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी हे ऐंशीच्या दशकाच्या शेवटी करून दाखवलं. त्यांच्या ‘सर्च’ने 58 गावांत गावातल्याच आरोग्यसेवकांना आणि सुईणींना मुलांचा न्यूमोनिया ओळखायला शिकवलं. शेजारची 44 गावं तुलनेसाठी होती. ओळखायचा कसा? स्टेथोस्कोप नाही, एक्स-रे नाही. श्वास मोजून. 1990 साली ‘लॅन्सेट’मध्ये निकाल छापून आले. पाच वर्षांखालच्या हजार मुलांमागे न्यूमोनियाचे मृत्यू तुलनेच्या गावांत 17.5 होते, शिकवलेल्या गावांत 8.1. निम्म्याहून कमी. ज्या बायकांना दहा-बाराच्या पुढे मोजता येत नव्हतं त्यांच्यासाठी बंगांनी मण्यांची एक पाटी आणि एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ बनवलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया समजायचा. इतकं सोपं. गडचिरोलीच्या जंगलातल्या सुईणीला जे 1990 च्या आधी येत होतं, ते पुणे शहरातल्या पदवीधर शिक्षिकेला 2025 मध्ये येत नव्हतं.

तर मोजायचं कसं ते इथे लिहून टाकते, कारण फेसबुकवर नजरेचे सतराशे साठ उपाय मिळतील, हे मिळणार नाही. मूल शांत असताना, शक्यतो झोपेत, कपडे वर करून, पोटाकडे बघत, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करू नका, बाळांचा श्वास अनियमित असतो. दोन महिन्यांपेक्षा लहान बाळाचे श्वास 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षं 40 किंवा जास्त, तर तो जलद श्वास, त्याच दिवशी डॉक्टर. आणि बरगड्यांखालची कातडी आत ओढली जात असेल, शांत असतानाही श्वास आत घेताना घर्र आवाज येत असेल, मूल पाणी किंवा दूध घेऊ शकत नसेल, मलूल पडलं असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर मोजतही बसू नका. निघा. डॉक्टरांनी आधी पंप लिहून दिला असेल तर त्यांनी सांगितलेले पफ देत-देत निघा. आणि सर्दी-खोकला काही नसताना, खेळता-खेळता, शेंगदाणा किंवा फुटाणा खाताना अचानक श्वास अडकला तर ती वेगळी गोष्ट. तिथे पंपाचा उपयोग नाही, घशात बोट घालून चाचपडूही नका, 108 आणि हॉस्पिटल. पाच वर्षांखालच्या मुलाच्या हाती शेंगदाणे द्यायचेच कशाला, हा वेगळा लेख होईल.

स्पेसर महाग म्हणून घेतला नाही असं दोन आयांनी मला सांगितलं. केपटाऊनच्या डॉ. हेदर झार यांनी 1999 मध्ये दाखवून दिलं की 500 मिलिलिटरच्या कोल्ड्रिंकच्या प्लास्टिकच्या बाटलीपासून नीट बनवलेला स्पेसर विकतच्या स्पेसरइतकंच काम करतो. तुमच्या डॉक्टरांना दाखवून, त्यांच्याकडून करून घ्या. गरिबीची अडचण खरी असते तेव्हा तिला उत्तर सापडतं. अडचण लाजेची असली की विकतचा, चांगला स्पेसरही कपाटात जातो.

डॉक्टरांनाही मी सोडणार नाही. गल्लीतल्या कितीतरी क्लिनिकमध्ये ‘दमा’ हा शब्द उच्चारलाच जात नाही. ॲलर्जी म्हणतात, ब्रॉन्कायटिस म्हणतात, ‘छाती में थोड़ा कफ’ म्हणतात. कारण विचारलं तर खरं उत्तर येतं, ‘मॅडम, दमा म्हटलं की पेशंट डॉक्टर बदलतो.’ बदलतो, हे मला मान्य आहे. आम्हीच बदलतो. पण म्हणून महिन्यातून दोनदा येऊन वाफ घेऊन जाणाऱ्या मुलाच्या आईला खरं न सांगणं, हा इलाज की दुकानदारी?

घरी आलो त्या आठवड्यात मला सगळ्यांनी कारणं सांगितली. केळं दिलं असेल. दही दिलं असेल. नोकरीवर जाते, पोरीला वारा लागला असेल. चाळिशीत मूल झालं की असंच होतं. नवऱ्याला कुणी काही विचारलं नाही, कॉईल त्याने लावली होती. त्याचंच नाव सांगायला हवं असं नाही, पण आईला धरायला इतकी तत्पर माणसं श्वास धरायला कुठे होती? एका मोठ्या आप्तांनी तर सांगितलं, ही माझ्या नोकरीची सजा आहे. मी त्यांना चहा दिला. आज देणार नाही.

गडचिरोलीच्या मण्यांची गोष्ट मी सासूबाईंना सांगितली. त्यांनी पूर्ण ऐकली, दुसऱ्या दिवशी आपली तसबीह काढली आणि म्हणाल्या, चाळीसवा मणी कोणता ते दाखव. आम्ही दोघींनी मोजून चाळिसाव्या मण्यानंतर लाल दोरा बांधला. एका श्वासाला एक मणी. नातू, म्हणजे माझा मुलगा, घड्याळाकडे बघून ‘चालू’ आणि ‘बंद’ म्हणतो. नणंद म्हणाली, अम्मी, ये गुनाह नहीं होगा? सासूबाई म्हणाल्या, ‘गिनने कोच है ना.’ जानेवारीत मुलीला पुन्हा सर्दी झाली. रात्री अकराला लाल दोरा ओलांडला गेला. सेहेचाळीस. कागदावर लिहिलेले पफ दिले, मास्क नाकातोंडावर घट्ट धरून, अर्ध्या तासात तिचा श्वास सावकाश झाला, सकाळी डॉक्टरांकडे गेलो. एवढंच झालं. रात्रीत कुणाला उठवावं लागलं नाही. रिक्षावाले काका झोपले होते.

पंप आता दाराजवळच्या खुंटीला कापडी पिशवीत असतो. मागच्या रविवारी नणंदेच्या सासरचे पाहुणे आले. नणंद आधीच येऊन पिशवी उचलायला लागली तेव्हा मी काही म्हणायच्या आत सासूबाईंनी ती तिच्या हातातून घेतली आणि परत खुंटीला अडकवली. पाहुण्यांतल्या एका बाईंनी विचारलंच, ‘ये क्या लटकाए?’ सासूबाई म्हणाल्या, ‘बच्ची का पंप है. चाय लेव.’